डोळे मिटले म्हणून

हरणाबाई जळकोटच्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती स्वयंपाकखोलीबाहेरच्या ओट्यावर वीस मिनिटं डोळे मिटून बसते. एवढाच तिचा गुन्हा.

हे तिला उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी दोन वर्षांपूर्वी शिकवलं. तेव्हा बीपी चढलेलं, झोप उडालेली आणि सुनेवर हात उगारायची सवय. "नुसता श्वास बघायचा," नर्सबाई म्हणाल्या. पहिला महिना श्वासाऐवजी सूनच दिसायची, हे हरणाबाई स्वतःच सांगते. पण बसत राहिली. आता पाठ टेकली की झोप. बीपी ताब्यात. हात उगारायच्या आधीच तिला राग चढलेला कळतो. सून शिवांजली मला म्हणाली, "एखाद्या दिवशी न्हाई बसल्या, तर मीच म्हणते, आत्या, आधी बसा."

पण आपल्याकडं बाईनं डोळे मिटले की दोनच अर्थ. डुलकी लागली, नाहीतर अंगात आलं. एका मंगळवारी कुणीतरी तिला तशी पाहिली. पुढच्या मंगळवारी ओट्यासमोर सात बाया, नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट. ताट मांडणारा तिचाच दीर, बिरदेव.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. माझ्याकडं तक्रार आली, शाळेत भोंदूगिरी चालते. असली सोंगं मी आजवर बरीच उघडी पाडलीत. बाईची चांगली जिरवायची म्हणून तावातावानं गेले.

पोचले तेव्हा बिरदेव ताटाशी उभा होता आणि हरणाबाईच्या शेजारची म्हातारी प्रेमाबाई विचारत होती, "आई, नातवाचं तोंड कधी बघंन मी?"

हरणाबाईनं एक डोळा उघडला. "प्रेमाकाकू, मी खिचडीवाली हाय. सुनंला दवाखान्यात न्या. लेकालाबी न्या."

"बघा, देवी परीक्षा घेती," मागून एक बाई पुटपुटली.

मला हसू आलं नाही. स्वतःचाच संताप आला. मीही काही न विचारता तिला देवीवालीच ठरवून आले होते.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष वसंतराव आले. "गावात चर्चा हाय, हरणाबाई. बसायचं बंद करा, न्हायतर काम दुसरीला देतो."

"ताट बिरदेवनं मांडलंय. त्याला हाकला की," मी म्हणाले.

"तो ऐकतोय व्हय माझं?"

"म्हणजे जी ऐकती तिलाच दम?"

पारावर मावा चघळत दिवस काढणाऱ्या गड्यांना हे कधी विचारत नाहीत, बसलात कशाला म्हणून. वसंतरावांनी घसा खाकरला. "मग उघड्या डोळ्यांनी बसा," म्हणाले, मोठी सवलत दिल्यासारखं.

माझ्या तोंडात शिवी आली होती. हरणाबाईनं मला हातानं थांबवलं. आवाज जराही चढला नाही. "ताट म्या मांडलं न्हाई. बसणार मी डोळे मिटूनच. काढायचं तर लेखी द्या. डोळे मिटती म्हणून काढली, आसं लिवा. खाली सही."

वसंतरावांनी कागद घेतला. तारीख लिहिली. तिचं नाव लिहिलं. पेन तिथंच अडलं. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "बघू, पुढच्या मीटिंगला."

हरणाबाईनं ताट उचलून दिराच्या हातात दिलं. "भावजी, हे घरी. उद्या हितं दिसलं तर खरकट्यात जाईल." आणि चूल पेटवायला आत गेली.

ती मीटिंग अजून झालेली नाही. हरणाबाई रोज बसते. वसंतराव, तारीख ठरली की कळवा. मी येणार आहे, आणि मला काही श्वासबिस बघता येत नाही.