हौदावरून मागे ओढलेली घोडी

बगरू गावाच्या अलीकडे, भर एप्रिलमध्ये, एका तहानलेल्या घोडीला मी हौदावरून मागे ओढले आणि नंतर सांगितले की तिनेच पाण्याला तोंड लावले नाही. ही गोष्ट मी वर्षभर कोणालाही कळू दिली नाही. पत्नीलाही नाही; एरवी तिच्यापाशी मी लवकर कबूल होतो.

घोडी माझी नव्हती. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्याच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, वैशाली नगरात दातांचा दवाखाना चालवतात. शहराबाहेरच्या एका तबेल्यात त्यांनी ही घोडी ठेवली होती. पन्नाशीनंतर लोक प्राणायामाकडे वळतात. मी वहिनींच्या आग्रहाखातर रिकिबीत पाय घातला. एप्रिलमधल्या त्या लांब पल्ल्याच्या रपेटीच्या आदल्या दिवशी वहिनींची कंबर आखडली.

"भावजी, तुम्हीच न्या तिला," त्या म्हणाल्या. "ती शहाणी आहे. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

मी मध्ये आलो.

अर्ध्या वाटेवर थांबा होता; तिथे पशुवैद्य घोड्यांचे ठोके तपासूनच पुढे सोडत. इतर स्वार उतरल्याबरोबर घोड्यांना पाणी पाजत होते, बादल्याच्या बादल्या त्यांच्या मानेवर नि पायांवर ओतत होते. मी त्यांच्याकडे अनुकंपेने पाहिले. अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला एवढे पक्के ठाऊक असते की उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचे नसते. आई माठापुढे आडवा हात धरून म्हणायची, "आधी घाम वाळू दे." घोडीने हौदाकडे मान लांबवली तेव्हा मी लगाम खेचला. तिने पुन्हा लांबवली. मी पुन्हा खेचला. बाधेल म्हणून अंगावरही पाणी घालू दिले नाही. एका बाभळीच्या विरळ सावलीत तिला उभी करून मी तिचा घाम वाळण्याची वाट पाहत राहिलो.

तपासणीला नेली तेव्हा पशुवैद्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. ठोके उतरत नव्हते. नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि आता समोर बादली ठेवली तरी ती तिच्याकडे बघत नव्हती. "डालते रहो, रुको मत!" ते ओरडले. आम्ही ओतत राहिलो. ओतलेले पाणी तिच्या अंगावरच तापत होते, म्हणून ते निथळवायचे आणि पुन्हा गार ओतायचे. दुपार कलली तेव्हा ती पाणी प्यायली.

वहिनींनी फोनवर विचारले, "पाणी दाखवलं होतं ना?"

"दाखवलं होतं. तोंडच लावलं नाही तिनं."

उत्तराचा पहिला भाग खरा होता.

वाटेत पाणी न पिणारी घोडी कोणी लांब नेत नाही. वहिनींनी तिला रपेटींतून काढले. तबेल्यात तिला 'नखरेवाली' म्हणू लागले. मी मात्र तेव्हापासून घोड्यांवर पाणी ओतायला सर्वांच्या पुढे असे, इतका की नवे स्वार या विषयावर माझा सल्ला घेऊ लागले. मी तो देतही असे.

या उन्हाळ्यात वहिनींनी तिला वरातीच्या घोड्या पुरवणाऱ्या एका माणसाला विकायचे ठरवले. "बँडबरोबर गल्लीतून हळूहळू चालेल. लांब जायचं नाही, तहानेचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने हेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटले.

तो माणूस घोडी पाहायला आला त्या सकाळी मी तिथे होतो. त्याने तिचा जबडा उघडून दात पाहिले. वहिनी व्यवसायाने दातांच्या डॉक्टर असूनही दुसरीकडे पाहत होत्या.

"जानवर तो बढ़िया है, मैडमजी. बेच क्यों रही हो?"

"रास्ते में पानी नहीं पीती."

"पीती है," मी म्हणालो.

वहिनी वळल्या. "भावजी, आता तिची बाजू घेऊ नका हो. मला आधीच जड जातंय."

"वहिनी, ती पीत होती. मी ओढली तिला, दोनदा, आणि आळ तिच्यावर घातला. तिचा काहीही दोष नव्हता. तुम्ही विश्वासानं माझ्या हाती दिली होतीत. चुकलो मी. मला क्षमा करा."