नळीचं टोक

डॉक्टर उंबऱ्याबाहेर उभा होता. नळी त्याच्या कानात, नळीचं टोक माझ्या हातात. दाराशी ओढलेल्या बाजेवर माझी धाकटी बहीण गुंफा तापाने फणफणत होती. तो तोंड फिरवून म्हणाला, "छातीवर धर. अजून डावीकडे. हं."

आमच्या वस्तीत त्याने कोणालाच हात लावला नाही.

फ्लूच्या साथीचं साल होतं. पुलगावच्या गिरणीत निम्मी माणसं कामावर नव्हती. आमच्या गावात घरोघरी बाजा पडल्या होत्या. नागपूरहून डॉक्टरकी शिकणारी पोरं आली, शाळेत उतरली. मी चौथी शिकलेली, नावं लिहिता यायची, म्हणून मला त्यांच्यासोबत फिरायला दिलं. पाटलाच्या घरी हाच पोरगा पलंगावर बसून नाडी पाहायचा, चहा प्यायचा. आमच्याकडे रोग्याची बाज दाराशी ओढायची आणि नळीचं टोक मी धरायचं, अशी रीत त्याने पाडली. आदल्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन धर्म बदलून आलो होतो. त्याच्या लेखी काही बदललं नव्हतं. मीही धरत गेले. खरं सांगते, मला त्यात मोठेपणा वाटायचा.

गुंफा म्हणाली, "ताई, पाठीत लय दुखून राह्यलं."

मी विचारलं, "साहेब, पाठीले लावून पाहू का?"

"तू कधी डॉक्टर झालीस?" तो म्हणाला. "छाती साफ आहे. औषध पाज."

टोकाखाली तिचं काळीज धडधडत होतं. माझ्या तळव्याला ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बारा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शाळेत गेले. घरी बसले की आई माझ्या हाताकडे पाहायची. व्हरांड्यात त्यांचे मोठे डॉक्टर पोरांना विचारत होते, "एवढी साथ पाहिलीत. आता साथीच्या रोगांकडे कोण वळणार?"

एक म्हणाला, ऑपरेशनं शिकणार. दुसरा म्हणाला, डोळे. ज्याची नळी मी धरायचे तो म्हणाला, "साथीचे रोग या बाईला देऊन टाका, सर. तिचा हात चांगला बसलाय."

सगळे हसले. मोठे डॉक्टरही हसले. माझेही ओठ हलले असतील. सवय होती.

तिथून आम्ही भागाबाईकडे गेलो. म्हातारी खोकत होती. त्याने कानात नळी घातली आणि टोक माझ्यापुढे केलं.

"धर."

"नाई धरत."

"काय झालं तुला?"

"माह्या बहिणीच्या छातीवर मीच धरली होती. तुमी आत या. तिले हात लावा. नाई तर जा."

तो लाल झाला. शेजारणीला म्हणाला, तू धर. तिने हात पदराखाली घेतले. पुढच्या घरची दारात आली, तिनेही तेच केलं. तो पाय आपटत शाळेकडे गेला.

मागे राहिला होता आमच्यासोबत आलेला एक चष्म्यावाला पोरगा. व्हरांड्यात तोही हसला होता. तो चपला काढून आत आला, जमिनीवर बसला, भागाबाईच्या पाठीला कान लावला. पुढे तो कशाचा डॉक्टर झाला, मला माहीत नाही. त्याच्या आत येण्याने गुंफा परत येणार नव्हती.

पुढे मी जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबले. ते गार टोक अजून तळव्यात आहे. भाकरी थापताना त्याच्याखाली धडधड लागते.

लोक म्हणतात, तुझी काय चूक? तू चुकीच्या जागी धरली नव्हती. बरोबर. त्याने दाखवली तिथेच धरली. तीच चूक. त्यानंतर कोणी उंबऱ्याबाहेरून दाखवलेल्या जागी मी हात ठेवला नाही. ठेवणार नाही.