उजवीकडची बटणं

माझे बाबा खोटारडे होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी असं लिहू नये. पण लिहिते.

अंबरपेठच्या आमच्या शेडमध्ये बाबा स्वतःच्या हातांनी दोन सीटचं विमान बांधत होते. रिटायर झाल्यावर लोक फिरायला जातात, आमच्या बाबांचं हे असं.

सांगाडा उभा राहिला आणि वायरिंगचं प्लॅनिंग सुरू झालं. आधी पुठ्ठ्याचा पॅनल. त्यावर बटणांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं चिकटवलेली.

बाबांचा एकाही वायरवर विश्वास नव्हता. "ही तुटली तर?" एवढंच विचारायचे. मग बॅटरीला दुसरी बॅटरी, पेट्रोलच्या पंपाला दुसरा पंप.

पायलट डावीकडे बसतो. म्हणजे बाबा. उजवीकडे मी, नुसती हवा खायला.

एका रविवारी बघते तर मेन स्विच, पंप, रेडिओ, सगळी झाकणं उजवीकडे सरकलेली.

"बाबा, तुमचा हात पोचत नाही तिथं."

"हौ, मालूम आहे. तुझा पोचतो का ते बोल."

"माझा कशाला?"

"अस्सं कायकू बघतीस? डोळे मीट. पंप कुठंय, हात लाव."

म्हणे धूर झाला तर दिसणार नाही. धूर काय फक्त माझ्याच बाजूला होणार?

आईला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आई म्हणाली, "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. बापावर गेलीस."

मग बाबा गेले. विमानात नाही. घरी, सोफ्यावर, चहा पिता पिता.

डॉक्टर म्हणाले, "हार्टचा त्रास जुनाच होता त्यांना. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. आम्हाला "गॅस आहे" सांगितलं होतं.

तेव्हा ती झाकणं आठवली. वर असताना बाबांना काही झालं, तर सगळं माझ्या हाताशी हवं होतं.

प्रत्येक गोष्टीला दुसरी होती. बाबांना दुसरी मी होते. मला न विचारता.

असं हार्ट घेऊन मला वर नेणार होतात? सांगायचं होतं ना, बाबा. खूप राग येतो. आठवण त्याहून जास्त येते.

मी विमान शिकायला नाव घातलंय. डावीकडे आता मी बसणार.

बटणं मात्र उजवीकडेच राहतील.

फक्त तिथं कोणाला बसवायचं ते ठरत नाही. तेवढा विश्वास अजून कोणावर बसत नाही.

भावपूर्ण, आणि थोडी संशयपूर्ण श्रद्धांजली, बाबा.