एका जीबीची पाळी

इंटरनेट पाण्यासारखं वापरणारी माणसं हल्ली घरोघर दिसतात, पण इंटरनेट पाण्यासारखं जपणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे दाजी. पाण्यासारखं म्हणजे आमच्या लोहारा तालुक्यातल्या पाण्यासारखं, हे बाहेरच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली. कुणाच्या शेताला किती तास पाणी, कुणाची पाळी आधी, कुणी पाटाची चारी फोडून चोरून भिजवलं, यातच त्यांची हयात गेली. सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी कधी पाळी सोडून थेंब दिला नाही. पुढं निवृत्त झाले, हाताखालचं पाणी गेलं आणि माणूस ओसरीवर बसून नुसता सुकायला लागला. नेमक्या त्याच सुमारास त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन मस्कतला निघाली. जाताना ती आपला जुना लॅपटॉप आणि बोटाएवढं एक डोंगल घरात ठेवून गेली. महिन्याला एक जीबी. दाजींना पुन्हा एक कालवा मिळाला.

तेव्हा डोंगलच दोन हजारांना पडायचं आणि वर एका जीबीला अडीचशे रुपये. दाजींनी सास्तूरच्या रिचार्जवाल्याला पहिला प्रश्न विचारला होता, “एक जीबी म्हंजी किती तास?” तो बिचारा म्हणाला, “काका, ते तासावर नसतंय, वापरावर असतंय.” हे दाजींना अजिबात पटलं नाही, पण त्यांनी आपली व्यवस्था बसवली. डोंगल देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, एका सुपारीच्या डबीत. लेकीला पत्र पाठवायचं तर ते आधी कागदावर लिहायचं, मग लॅपटॉपवर एकेका बोटानं उतरवायचं, मग डबी उघडून डोंगल लावायचं, पत्र गेलं की चिमटीत धरून उपटायचं. लेकीचं उत्तर उघडलं की आधी डोंगल काढायचं आणि मग वाचायचं, कारण वाचताना नेट चालू ठेवणं म्हणजे शेत भिजल्यावरही चारीचं दार उघडं ठेवणं. मी एकदा सहज म्हणालो, “दाजी, उद्या पाऊस आहे का बघा की त्याच्यात.” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चारी फोडतानाच सापडलो होतो. म्हणाले, “पाऊस वर बघून बी कळतो, पाव्हणं.”

त्यांचा ठाम समज होता की डोंगल नुसतं लावून ठेवलं तरी डाटा पाझरतो. मी कळंबला हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस, मला हे सहन होईना. मी त्यांना अर्धा तास समजावलं की डाटा ही पाझरायची वस्तू नाही. ते शांतपणे ऐकत होते. त्या अर्ध्या तासात डोंगल मात्र मी लावलेलंच विसरलो होतो आणि लॅपटॉपनं कुणाला न विचारता आपली आपण कसलीशी सुधारणा उतरवून घेतली. दोनशे एमबी साफ. दाजींनी आकडा बघितला, डोंगल काढलं, डबीत ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “पाझरलं का न्हाय?” पुढची दोन वर्षं त्या घरात माझ्या विज्ञानाला किंमत राहिली नाही.

आणि हे लावणं-उपटणं सगळं घरात नव्हेच, कारण गावात मुळात रेंजच नव्हती. दाजींचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. एका रांगेत घरं, रुंद रस्ते, सगळं ऐसपैस, पण मोबाइलची एक कांडी मिळवायला पाण्याच्या टाकीचा अर्धा जिना चढावा लागे. पूर्ण तीन कांड्या यायच्या त्या दीड किलोमीटरवरच्या जुन्या गावाच्या जागेत. तिथं आता दगडांचे ढीग, बाभळी आणि एक पिंपळाचा पार. टॉवर उभारणाऱ्यांना बहुधा जुनाच नकाशा मिळाला असावा. तिकडं कामाशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. ताई तर गाव उठल्यापासून एकदाही गेली नव्हती. पण दाजी दर गुरुवारी बैलगाडीत गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप घालून जुन्या गावाला नेट आणायला जात. हो, ‘नेट आणायला’. हा त्यांचाच शब्द. कळंबला आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगत असे. लोक हसून हसून डोळे पुसत. “मग, तुमच्या दाजींचं काय नवीन?” असं मला विचारलं जाई आणि काही नसलं तर मी रचून सांगत असे. आज याची लाज वाटते.

कारण त्याच दिवसांत ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी उशीर झालाय म्हणून सांगितलं. गेलेली नजर येणार नाही, आहे ती वर्षभर टिकली तर टिकली. तिकडं मस्कतला लेक पोटुशी होती. प्रवास करायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलेलं, आणि एवढ्या लांबचं तिकीट काढून जाणं इकडच्यांना झेपणारं नव्हतं. ताई कधी काही मागणारी नव्हे. यावेळी मात्र ती माझ्यासमोर दाजींना म्हणाली, “डोळं हायेत तवर नातवंडाचं तोंड तेवढं दावा. हालताना, बोलताना. मग गेलं तर गेलं.”

दाजींनी ‘व्हय’ म्हटलं आणि त्या दिवसापासून कालव्याची सगळी दारं बंद केली. वद्य एकादशीला एक जीबी भरला आणि त्यातला जवळजवळ थेंबही वापरला नाही. गुरुवारची फेरी बंद, लेकीला पत्रं बंद. मुलगी झाली. लेकीनं फोटो पाठवला, तो दाजींनी सास्तूरच्या रिचार्जवाल्याकडूनच कागदावर काढून आणला. बाळ झोपलेलं. ताईनं तो खिडकीशी नेऊन, पार नाकाला लावून पाहिला. “झोपलीया ही,” ती म्हणाली. “डोळं कुणावर गेल्यात कसं कळायचं?” दाजी म्हणाले, “बारशाला कळंल. सगळा जीबी तुजाच हाय.”

बारसं आलं पुढच्या वद्य दशमीला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर निम्मा ताईसाठी आणि निम्मा किश्शासाठी. ताईनं ठेवणीतलं इरकल नेसलं, डबाभर घुगऱ्या शिजवल्या आणि इतक्या वर्षांनी ती जुन्या गावात उतरली. आपल्या घराची जागा कुठली, हे तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पारावर गोधडी अंथरली, लॅपटॉप ठेवला. दाजींनी डबी कपाळाला लावून डोंगल काढलं आणि बसवलं. तीन कांड्या आल्या. आणि नेट चालू होईना. काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. शिल्लक शून्य. जवळजवळ भरलेला जीबी, आणि शून्य.

दाजींनी रिचार्जवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, मुदत काल संपली की. अठ्ठावीस दिवस असतेत.” दाजी म्हणाले, “म्या महिन्याचं पैसं दिलं हुतं. एकादशी ते एकादशी. एकादशी उद्या हाय.” “कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, काका.” दाजी ओरडले, “कुठल्या पंचांगात?” मला खरोखर हसू आलं. ते मी दाबलं, पण आलं होतं हे खरं आहे. रिचार्जवाल्यानं दुसरा जीबी लगेच मारला आणि तो चालू व्हायला दोन तास लागतील असं सांगितलं. लॅपटॉपची बॅटरी होती पाऊण तासाची. शेवटी लेकीनं दाजींच्या साध्या मोबाइलवर फोन केला. दाजींनी तो ताईच्या कानाला धरला. तिकडं पाळणा म्हणत होते, बाळ रडत होतं, कुणीतरी ‘कुर्रर्र’ केलं. ताई ऐकत होती आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडं बघत होती. फोन संपल्यावर दाजी खाली बघत म्हणाले, “आवाज तर आला की. आवाज पुरं हाय.”  ताईनं डबा उघडला, आम्हा दोघांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या आणि म्हणाली, “चला, बैलं तापलीत.”

बॅटरी भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं असतं. पण माणसाचा स्वभाव मोठा वाईट. दाजींनी नवा जीबी हाती येताच रोज थोडा थोडा वापरून बघायचं सोडून पुन्हा साठवायला घेतला, अठ्ठावीस दिवस बोटांवर मोजून. मधेच तुटायला नको, नीट पोटभर दाखवू, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या खेपेला व्हिडिओ लागला, तर नातीच्या तोंडाचे नुसते रंगीत चौकोन दिसले. ताई म्हणाली, “हे माझ्या डोळ्याचं हाय का ह्याचं?” आम्ही म्हणालो, ह्याचं. त्याच्या पुढच्या खेपेला तीन कांड्या होत्या, पण बाळ झोपलेलं. डॉक्टरांनी वर्ष म्हटलं होतं, डोळ्यांनी पाचच महिने दिले. लेक अडीच वर्षांनी पोरीला घेऊन आली, तेव्हा ताईनं नातीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

दाजींचं चुकलं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. माझं काय चुकलं ते आता सांगतो. कळंबला माझ्या घरी तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट होतं. महिन्याचे ठरलेले पैसे, वापरा हवं तेवढं. माझी मुलं दिवसभर त्यावर कार्टून बघत. ताईला एसटीत बसवून आठ दिवस माझ्याकडं आणलं असतं, तर तिनं नातीला जागी, झोपलेली, हसताना, दूध ओकताना, सगळी पाहिली असती. त्या पाच महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नाही. मी दाजींच्या गमतीत इतका रमलो होतो की त्या गमतीत माझी बहीण बसलेली आहे, हे मला दिसलंच नाही. दाजींनी मला याबद्दल कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता गावात, घरात, अगदी मोरीतसुद्धा चार कांड्या असतात. रोजचा दोन जीबी मिळतो आणि संपत नाही. दाजींची सुपारीची डबी अजून देवघरात आहे, डोंगलसकट. ते स्वतः मात्र पार बदललेत. संध्याकाळी व्हिडिओ लावतात आणि तो बंदच करत नाहीत. परवा मी गेलो होतो. नात आता मोठी झालीय, दोन मिनिटं आज्जीशी बोलली, फोन कोचावर टाकून खेळायला पळाली. पडद्यावर नुसतं छत. दाजी तरी ताईला सांगत होते, “पंखा दिसतोय आता. तीन पात्यांचा. ती मागं कुठंतरी हाय, आवाज येतोय बग.” मग नात परत आली आणि दाजी सरसावून बसले. “आली. केस मोकळं सोडल्यात. वरचा एक दात पडलाय. हसतीया.”

ताईनं हात पुढं करून त्यांचा गुडघा शोधला आणि थोपटला. “राहू द्या आता, किती सांगताव,” ती म्हणाली. “आवाज येतोय की. आवाज पुरं हाय.”

 मला वाटलं, आता दाजी फोन ठेवतील.

“न्हाय पुरत,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि नातीला म्हणाले, “बाळा, जरा नीट बग माझ्याकडं. डोळं मोठं कर.” आणि मग ताईकडं वळून त्यांनी पुन्हा कपाळापासून सांगायला सुरुवात केली.