कोंबडीच्या कादंबरीवर अकरा अभिप्राय

मालवणातल्या आमच्या वाचनालयात टेबलावर एक जाडजूड अभिप्राय-वही असे. पुस्तक परत करताना तीत दोन ओळी लिहायच्या, असा शिरस्ता होता. वही सदा उघडी. त्यामुळे जो तो आधी वरच्याचा अभिप्राय वाचायचा आणि मग आपण त्याहून विद्वान दिसू असे काहीतरी लिहायचा. पावसाळ्याआधीच्या सभेत प्रतिकूल अभिप्राय जास्त भरले, की ते पुस्तक कपाटातून बाहेर.

साठ साल नुकतेच लागले होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि शाळेची एक जागा होती म्हणून निवड समितीवर गेले होते. तिथली पहिलीच बाई. दोन वर्षे मी मुकाट्याने मान डोलावली. तिसऱ्या वर्षी हट्टच धरला, की यंदा एक इंग्रजी पुस्तक मी निवडणार. मुंबईच्या विक्रेत्याच्या यादीतून मी एक हलकीफुलकी विलायती कादंबरी मागवली. चाळिशीतली एक बिनलग्नाची बाई, शेजारी एक तिरसट डॉक्टर. हिची कोंबडी त्याच्या गुलाबांत शिरते, त्यावरून चिठ्ठ्यांतून भांडण जुंपते आणि शेवटी दोघांचे लग्न होते. मी ती वाचून इतकी हसले, की वडील काय झाले म्हणून आतून उठून आले.

इंग्रजी वाचणारे पाच सभासद होते. पाचांनीही कादंबरी झोडपली. सर्वांत वर निवृत्त हेडमास्तरांचा अभिप्राय होता : ‘थिल्लर. सुसंस्कृत घरात शिरू देण्याच्या लायकीचे नाही.’ खालच्या चौघांनी तेच शब्द फिरवून लिहिले होते. अध्यक्षांनी मला बोलावून समजुतीच्या सुरात सांगितले, की पुस्तक तर जाईलच, पण तुम्हीही पुन्हा निवडीच्या भानगडीत पडू नका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक गेल्याचे दुःख मी गिळले असते. पण बाईने निवडलेले पुस्तक कसे असते, याचा दाखला पुढची वीस वर्षे दिला गेला असता आणि माझ्यानंतर कुणा बाईला त्या यादीला हात लावू दिला नसता.

त्याच आठवड्यात शेजारच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, रातांबे फोडायला आम्ही बायका बसलो होतो. आमसुलांचा हंगाम, हात लाल, तोंडे रिकामी. कुणीतरी म्हणाले, बाई, तुमच्या त्या पुस्तकात आहे तरी काय. मी गोष्ट सांगायला घेतली. कोंबडी शेजाऱ्याच्या दगडी गडग्यावरून पलीकडे गेली म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले, कारण असले भांडण प्रत्येकीच्या घरी होऊन गेलेले. मी तिसऱ्या प्रकरणाला पोचते न पोचते, तोच हेडमास्तरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकी, शांतपणे म्हणाल्या,

“मगे ती चिठी चुकान पाद्रीच्या हातात पडता मां?”

मी सुरी खाली ठेवली. तुम्हाला कसे ठाऊक, म्हणून विचारले.

“ह्येंनी सांगल्यानी. धा दीस दुपारी झोपाळ्यार बसान वाचीत नि हसत. ‘आयक गो, आयक’ म्हणान माकाय हसयल्यानी.”

मग मी त्यांना वहीतला अभिप्राय सांगितला. काकींनी हातातला रातांबा फोडून पुरा केला, हात पुसले आणि मला म्हणाल्या, “माजा लिव. माज्या नावान लिव.”

वाचनालयाच्या नियमात ‘सभासदाच्या घरातील कोणाही व्यक्तीस’ अभिप्राय देता येतो असे होते. नियम हेडमास्तरांनीच केलेला, पण तो कुणी कधी वापरला नव्हता. मी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन खळ्यात गेले. सहा जणी, सगळ्या सभासदांच्याच घरच्या. जशा बोलल्या तसे लिहून घेतले, खाली त्यांच्या सह्या नाहीतर अंगठे. कस्टमच्या कारकुनाच्या आईची तक्रार होती, की लग्न झाले ते बरे झाले, पण कोंबडीचे पुढे काय झाले ते लिहिणाऱ्याने सांगितलेच नाही. मी दोनदा वाचूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

सभेत मी उभी राहून सहाही अभिप्राय वाचले. काकींचा शेवटी ठेवला होता : ‘पुस्तक बरा आसा. आमच्या घरात दोनदा वाचून झाला. ज्येका हसाची लाज वाटता, तेनी लपान वाचूचा.’

आधी कस्टमचा कारकून फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळी सभा. हेडमास्तरांनी वही मागितली. ते बायकोचा अभिप्राय खोडणार असे मला वाटले आणि मी भांडायच्या तयारीत राहिले. चौथी शिकलेल्या काकींची ती वेडीवाकडी सही ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी पेन काढून स्वतःच्या दोन ओळींवर काट मारली.

“राहू द्या पुस्तक,” ते म्हणाले. “आणि बाई, पुढच्या वर्षी दोन निवडा.”

मी जिंकले होते. घरी जाताना समुद्राच्या वाटेने गेले आणि एकटीच मोठ्याने हसले.

रविवारी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीला मी बसत असे. त्या रविवारी काकी तिथल्या पायऱ्या चढून आल्या. आजवर त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. मी एक मराठी कादंबरी काढून दिली आणि सवयीने हेडमास्तरांचे पान उघडले.

“ह्येंच्या नावार नको गो,” त्या म्हणाल्या. “माज्या नावार दी.”

सभासदांच्या वहीत मी नवे पान काढून त्यांचे नाव लिहिले. त्या वहीतले ते पहिले बाईचे नाव. लिहिता लिहिता ध्यानात आले, की मी समितीवर बसते, पुस्तके निवडते आणि आजवर घरी नेते ती मात्र वडिलांच्या नावावर. पुढच्या पानावर मी माझे नाव लिहिले.