माहेरचा रकाना

मंगळवार, जानेवारीचा दुसरा आठवडा. सकाळी सात वाजता बेळगावच्या लॉजच्या पायरीवर हजर: मी, माझ्या सहकारी शोभाताई, सांगलीच्या निवृत्त परिचारिका, ज्यांनी आयुष्यभर बायकांना बाळ छातीशी कसं धरायचं ते शिकवलं, आणि गाडीचे चालक मल्लाप्पा, ज्यांना शोभाताई पहिल्या दिवसापासून ‘अण्णा’ म्हणत होत्या. गैरहजर: तालुक्याचे साहेब, त्यांची ऐन वेळी बैठक निघाली. सामान: बाळांचा वजनकाटा, पाण्याच्या बाटल्या, संत्री, माझी वही.

कामही लिहून ठेवते. आमची पुण्याची संस्था बाळंतिणींना स्तनपानासाठी आधार देण्याचा एक उपक्रम चालवते. बाळ जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेने, घरी जायचं, आई पाजते कशी ते शेजारी बसून बघायचं, अडचण सोडवायची आणि मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये नोंद करायची. तो फॉर्म मी केलेला. आता हा उपक्रम देशभर न्यायची चर्चा होती आणि त्याआधी काम खरंच होतंय का, हे तपासायला आम्ही निघालो होतो. निपाणीच्या पुढचं एक गाव आमच्या यादीत सगळ्यात वर होतं. तिथली एकही भेट चुकलेली नव्हती.

संकेश्वरला नाश्त्याला थांबलो. वाफाळती इडली, सोबत इतकं तिखट सांबार की शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लाप्पा म्हणाले, “ताई, ही संकेश्वरची मिरची. रडवल्याबिगर सोडत न्हाय.” रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास गेला. माझ्या वेळापत्रकात उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या. निपाणी जवळ आली तसा काचा बंद असूनही तंबाखूचा वास आत शिरला.

गावात तिथल्या आशाताई, भारतीआक्का, वाट बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गुलाबी साडी, हातात तेलकट झालेलं मोबाईलचं पाकीट. बोलणं आपलं मराठीच, फक्त इथल्या बायका ‘मी गेले होते’ न म्हणता ‘मी गेलतो’ म्हणतात. पहिल्यांदा कान चमकतो, मग गोड वाटतं.

चहा झाल्यावर मी फॉर्म उघडायला सांगितला. इथे तो कन्नडमध्ये आहे. भारतीआक्का बोट फिरवत वाचत गेल्या. “तिसऱ्या दिवशी भेट दिली? हौदु (होय). बाळाची पकड नीट? हौदु. आईला त्रास? इल्ला (नाही).” पानामागून पान तेच. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली.

तपासणीची माझी पद्धत ठरलेली आहे. डोळे मिटून यादीतल्या एका नावावर पेन ठेवायचं आणि त्याच घरी जायचं. पेन वैशालीवर पडलं. पहिलटकरीण, बाळ वीस दिवसांचं. भारतीआक्का म्हणाल्या, “तिच्याकडं नको मॅडम, दुसरं घर बघूया. लांब हाय.” घर चार वळणांवर होतं.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. वैशालीला भेटायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भारतीआक्कांकडे.

“ती कुठं हाय हितं? सातव्या म्हयन्यातच गेली माहेरला. पयलं बाळंतपण न्हवं का?”

मी फॉर्मकडे बघितलं. भेट दिली: होय. पकड नीट: होय. भारतीआक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

“तुम्ही माहेरी गेला होतात तिला बघायला?”

“न्हाय. तिचं माहेर पुलापल्याड, महाराष्ट्रात. तिकडं मी कोण? सासूला फोन केलतो. म्हणाली, सगळं बरं हाय.”

“मग ‘नाही’ का नाही लिहिलंत?”

त्यांनी माझ्यासमोर ‘इल्ला’ दाबलं. फॉर्म पुढे जाईना. त्याने कारण विचारलं आणि तीन पर्याय दिले: घर बंद. कुटुंबाचा नकार. बाळ दगावलं.

“आता तुमीच सांगा,” भारतीआक्का म्हणाल्या. “घर बंद न्हाय, सासू बसलीया की. नकार कुणी दिला न्हाय. आन् तिसरं कसं दाबू मी? जित्या लेकरावर?”

सासूबाईंनी मला बसायला पाट दिला. हे तीन पर्याय मी लिहिले होते. पुण्यात, पंख्याखाली, दुपारच्या चहाच्या आत. पहिलटकरीण माहेरी जाते हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण सांगलीला, आईच्या घरी झालं. आपल्याकडे घराघरात हेच होतं. आणि देशभर न्यायला निघालेल्या माझ्या फॉर्मला माहेर ठाऊकच नव्हतं.

“अशा किती?” मी विचारलं.

“पयल्या खेपंच्या सगळ्याच,” भारतीआक्का म्हणाल्या. “आन् तिकडनं हिकडं आलेल्या लेकींचं बी तसंच. त्यास्नी मी बघत न्हाय, त्येंचं बाळंतपणाचं कार्ड तिकडचं.”

वेळापत्रक वहीत तसंच राहिलं. मल्लाप्पांना म्हटलं, गाडी काढा. भारतीआक्का न विचारता मागे बसल्या.

दूधगंगेचा पूल ओलांडला. पाट्यांची लिपी बदलली, ऊस तोच राहिला. पंधरा मिनिटांत वैशालीच्या माहेरी पोचलो. एवढंच अंतर होतं.

स्वच्छ सिमेंटचं घर. फडताळावर छोटी बुद्धमूर्ती, शेजारी वैशालीचा पदवीच्या झग्यातला फोटो. ती निपाणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आतल्या खोलीत, डोक्याला रुमाल बांधून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळ तिच्या आईच्या मांडीवर होतं आणि त्याच्या तोंडात बाटली होती. बाटलीतलं दूध इतकं पातळ की पलीकडचा खिडकीचा गज दिसत होता.

“मावशी, पावडर किती घालता?” शोभाताईंनी अगदी सहज विचारलं.

“एक चमचा, बाटलीभर पाण्याला. घट्ट बाधतंय बारक्या जिवाला.”

शोभाताई माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी फक्त वजनकाटा मागितला. काट्यावरचा आकडा मी दोनदा वाचला, मग कार्डावरचा. वीस दिवसांचं बाळ जन्माच्या वजनालाही पोचलेलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? फॉर्मनुसार हे बाळ उत्तम दूध पीत होतं.

“मला दूधच नाही,” वैशाली भिंतीशीच बोलली. “बाळ चावतं, रक्त येतं. सगळ्यांनी सांगितलं, सोडून दे. उद्यापासून सोडणारच होते.”

“इथली आशाताई आली नाही का?”

तिची आई म्हणाली, “दारावरनं गेली. म्हणाली, हिचं कार्ड कर्नाटकचं, आमच्याकडं नाव न्हाय.”

शोभाताई पलंगावर चढून तिच्याशेजारी बसल्या. “दूध नाही म्हणतेस? अगं बाई, मग छातीचा हा दगड कशाने झालाय?” वैशाली पहिल्यांदा हसली आणि लगेच रडली. कोमट पाण्याचा शेक झाला, हलक्या हाताने थोडं दूध काढून झालं. मग शोभाताईंनी बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, मान मोकळी ठेवली, तोंड मोठं उघडायची वाट बघितली. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बाळाची हनुवटी रुतली. खोलीत गुटुक, गुटुक असा बारीक आवाज यायला लागला.

“दुखतंय?”

“नाही,” वैशाली म्हणाली आणि विज्ञानाच्या बाईंसारखं खाली वाकून बघायला लागली. “आधी मी नुसतं टोक देत होते. एवढंच होतं? एवढंच सांगायला कुणी आलं नाही?”

भारतीआक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाळाला लगेच कागलच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. बाळ सुकलंय, पण धोका नाही. पातळ बाटली आजपासून बंद. अंगावर पाजायचं, काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, तरीही कमी पडलं तर पावडर मापातच. शुक्रवारी वजन करायचं. “आणि हिच्याशेजारी कुणीतरी जाणतं बसू दे,” ते म्हणाले. “पहिले दिवस एकटीने निभत नाहीत.”

कुणी बसायचं? मी गाडीतूनच दोन्हीकडच्या पर्यवेक्षकांना फोन लावले. दोन्हीकडून सौजन्याने एकच उत्तर आलं: लेखी कळवा. मग भारतीआक्का म्हणाल्या, “माझी नणंद दिलीया त्या गावात. तिच्याकडं जातो म्हणून जाईन. काटा तेवढा ठिवून जावा.”

“आक्का, बसनं कशाला जाताय?” मल्लाप्पा म्हणाले. “माझा भाऊ हाय रिक्षावाला, सोडंल.”

“तुझा भाऊ अर्ध्या वाटेत चा प्यायला थांबतोय. मी बसनंच बरा.”

काटा ठेवून आलो. संध्याकाळी बेळगावात मल्लाप्पांनी आग्रहाने कुंदा (आटवलेल्या दुधाची तांबूस मिठाई) घ्यायला लावला. पुण्याला आणला, पण खाववला नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा माझीच वही मी अविश्वासाने वाचली. रकाने भरलेले असले की मला काम झाल्यासारखं वाटतं. तीस वर्षं वाटत आलंय. भारतीआक्का खोटं बोलल्या नव्हत्या. खरं सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि त्या खोट्या ‘होय’च्या आड एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

शुक्रवारी दुपारी भारतीआक्कांचा फोन आला. वजन वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं. बाटली माळ्यावर गेली होती. मागे वैशाली कुणाला तरी हसत रागावताना ऐकू येत होती.

“आता मॅडम,” भारतीआक्का म्हणाल्या, “हे कुठं लिहू? मी खरंच गेलतो. बसून बघितलं. पर फॉर्म तिचं सासरचंच घर दावतोय. हौदु दाबू का इल्ला?”

मी म्हटलं, थांबा.

वहीतल्या बाकीच्या कामांवर खुणा झाल्या आहेत. अहवालाचा मसुदा झाला, दोन्हीकडची पत्रं गेली, काटा नवीन घेतला. ‘माहेर’ हा रकाना फॉर्ममध्ये घालायचा आहे, आणि त्यासाठी दोन राज्यांची संमती हवी. त्या ओळीपुढची जागा कोरी आहे. भारतीआक्कांची पुलापल्याडची ती खरी भेट अजून कुठेच नोंदलेली नाही.