माळ्यावरचा शिपाई

छापखान्यात आत्याला सगळे ससाणा म्हणत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा, असं मुद्रितशोधनाचं काम तिने एकतीस वर्षं केलं. वाचणाऱ्याने ओळ गाळली की ती नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि अशी झाडायची, की भल्याभल्यांची बोबडी वळे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिची नजर गेली. जीभ मात्र शाबूत होती.

तिचे वडील सैन्यात होते. सुट्टी संपल्यावर ते आपणहून लढाईवर परतले आणि तिथेच पडले, असं घरात सांगत. खरं काय ते आत्याने दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या कानावर घातलं. वडील परतलेच नव्हते, माळ्यावर लपले होते. पलटणीची माणसं आली आणि त्यांना धरून घेऊन गेली; ते पुन्हा घरी आले नाहीत. ती तेव्हा सहा वर्षांची.

"मीच बोलले का रे? की शेजाऱ्यांनी सांगितलं? काही केल्या आठवत नाही. मरायच्या आधी एवढं कळू दे."

भाचा वायरमन. पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या पत्रांवरून त्याने आजोबांचा सैनिक क्रमांक शोधला, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि अखेर चौकशीच्या कागदांची नक्कल मिळवली. ती घेऊन तो आत्याच्या पलंगाशी बसला.

"वाच. स्वल्पविरामासकट."

"'पथक सकाळी घरी पोहोचले. शिपाई घरी नसल्याचे पत्नीने सांगितले.'" पुढची ओळ दिसली आणि त्याची नजर खालच्या ओळीवर सरकली. "'शिपायास माळ्यावरून ताब्यात घेण्यात आले.'"

"ओळ गाळलीस."

"नाही गं, आत्या."

"आई नाही म्हणाली आणि लगेच माळा? गाढवा, मला शिकवतोस?"

एखाद्या शेजाऱ्याचं नाव ठोकून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण आवाज दगा देणार, हे त्याला ठाऊक होतं.

"'घरातील लहान मुलीने माळ्याकडे बोट दाखवले.'"

आत्या हलली नाही. चादर तेवढी मुठीत गोळा झाली. कशाला खणायला गेलो, म्हणून भाच्याला स्वतःचाच संताप आला.

"पुढे," ती म्हणाली.

"'शिपायाचा जबाब: मुलीला दोष देऊ नये. कोणी विचारल्यास खरे सांग, असे मीच तिला बजावले होते.'"

"खोटं!" आत्या ताडकन उठून बसली. "साफ खोटं! गप्प राहा, माझी शपथ आहे, असं म्हणून बाबा वर चढले होते. ते पक्कं आठवतंय मला."

बोलता बोलता ती थांबली.

"माझ्यासाठी खोटं बोलले रे."

भाच्याने तिचा हात धरला. तिने पदराने नाक पुसलं.

"परत वाच."

"कुठून?"

"'मुलीला दोष देऊ नये.' तिथून."